न लागलेला दम

ताईच्या त्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा ते जेवायला बसायच्या बेतात होते. उभ्याउभ्याच त्यांनी ते वाचलं, होती तशी घडी घातली आणि हात धुवायला गेले. जेवण झाल्यावर पत्र नकाशांच्या जाड पुस्तकात ठेवून दिलं. बायकोने विचारलं, "काय म्हणतात ताई?" तेव्हा म्हणाले, "बरं आहे सगळं." एका परीने ते खोटंही नव्हतं.

ताईने लिहिलं होतं:

"मुक्या, माझ्या हृदयाची झडप बदलली. घाबरू नकोस, हे मी बसून लिहिते आहे आणि शेजारी ठेवलेला चहाही मीच केलेला आहे. डॉक्टर म्हणतात, माणसाच्या या झडपेला तीन पाकळ्या असतात. मला जन्मापासून दोनच होत्या. दोघींनी तिघींचं काम इतकी वर्षं ओढलं आणि मग हात टेकले. हे भावंडांतही असू शकतं म्हणे. तेव्हा तू जाऊन दाखवून ये. काय निघालं ते लिही. काही निघालं नाही तर तेही लिही."

मुक्या हे ग्रंथपालांचं लहानपणीचं नाव. आता त्यांना त्या नावाने हाक मारणारं ताईखेरीज कोणी उरलं नव्हतं. ताई लग्न होऊन दूरच्या गावी गेली तेव्हा निघताना त्यांना म्हणाली होती, "तू तोंड तर उघडत नाहीस, निदान लिही. एक पत्र माझं, एक तुझं. तुझं आल्याशिवाय माझं दुसरं येणार नाही. रडलास तरी नाही." ताई शब्दाची पक्की. तो नियम दोघांनी म्हातारपणापर्यंत पाळला. मध्ये फोन आले, पण तोवर ताईला कमी ऐकू येऊ लागलं होतं. फोनवर दोघं नुसतं हॅलो हॅलो ओरडायचे आणि थकून ठेवून द्यायचे. त्यामुळे पत्रंच चालू राहिली. या पत्रापाशी मात्र घोडं अडलं. पाळी ग्रंथपालांची होती आणि तिला तीन वर्षं झाली होती. ताई रागावली नव्हती. ती फक्त वाट पाहत होती. तिची खुशाली भाचीकडून बायकोला कळायची: ताई बाजारात जाते, भाजीची पिशवी घेऊन घराची चढण चढते.

न लिहिण्याचं कारण अगदी साधं होतं. तपासणीला जायची त्यांना भीती वाटत होती. न जाता 'गेलो होतो' असं लिहिणं त्यांच्याने झालं नसतं. पत्रात खोटं त्यांनी उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं. आणि 'गेलो नाही, भीती वाटते' असं लिहायला जेवढं धैर्य लागतं, तेवढं असतं तर ते सरळ तपासणीलाच गेले असते. म्हणून आज नाही उद्या करत झाकली मूठ तशीच राहिली.

शिवाय त्यांना काही होतही नव्हतं. वाचनालयातला वैद्यकाचा कोश उघडून त्यांनी लक्षणं पाहून ठेवली होती. दम लागणं, छातीत दडपण, चक्कर. अधूनमधून ते स्वतःलाच विचारायचे, आहे का यातलं काही? नव्हतं. मग पुस्तक मिटायचं आणि कामाला लागायचं.

संध्याकाळी बायकोबरोबर ते बाजारापर्यंत चालायला जात. रस्ता थोडा चढाचा. ग्रंथपालांना दिसेल ते वाचायची खोड होती, ती वयाबरोबर वाढत चालली होती. शिंप्याची पाटी, दवाखान्याच्या वेळा, हरवलेल्या मांजराची जाहिरात, घड्याळवाल्याच्या दारावरचा लांबलचक फलक. प्रत्येकासमोर ते हात मागे बांधून उभे राहायचे.

"अहो, त्या घड्याळवाल्याने पाटी बदलली का कालपासून?"

"वाचू दे की गं."

"वाचा, वाचा. लोकांचे नवरे दारूच्या दुकानासमोर रेंगाळतात, आमचे दुकानाच्या पाटीसमोर. मी तोवर भाजी घेऊन, निवडून, शिजवून येते."

ग्रंथपाल हसायचे. चारदा थट्टा झाली की ती घरची रीतच होऊन बसते. बायकोही मग त्यांच्याबरोबर थांबू लागली.

मोतीबिंदूचं निमित्त झालं. डोळ्याच्या ऑपरेशनआधी सगळ्यांचीच छाती तपासतात तशी त्यांचीही तपासली, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी नळी एकाच जागी बराच वेळ धरून ठेवली. "आवाज येतोय," ते म्हणाले. "डोळा थांबू शकतो. आधी हृदय दाखवून या."

हृदयाच्या डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. अंधाऱ्या खोलीत, छातीवर गार जेल लावून, त्यांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं. मग ग्रंथपालांना आणि त्यांच्या बायकोला समोर बसवलं.

"काका, दम लागतो?"

"नाही."

"जिना चढताना? चढावर?"

"नाही लागत."

"छातीत दडपण? डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाही." तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ते ताठ बसून उत्तरं देत होते, आणि प्रत्येक उत्तर त्यांना मनापासून खरं वाटत होतं.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कारण झडप फार अरुंद झाली आहे. जुन्या नळाच्या तोंडाशी क्षार साचतो ना, तसं पाकळ्यांवर साचलंय. आणि पाकळ्या तीन हव्यात, तुम्हाला दोनच आहेत. हे जन्मापासूनचं. घरात आणखी कोणाला आहे?"

ग्रंथपाल शर्टाचं वरचं बटण लावू लागले. उत्तर बायकोकडून आलं, आणि तेही अगदी सरळ मनाने. "भाची म्हणाली होती, यांच्या ताईंचं काहीतरी ऑपरेशन झालं हृदयाचं. काय होतं हो ते? पत्रात लिहिलं असेल ना त्यांनी?"

"झडप," ग्रंथपाल म्हणाले. "दोन पाकळ्यांची."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"तीन वर्षं झाली."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ग्रंथपालांना वाटलं. "तुमच्या मुलांनाही एकदा तपासून घ्या," एवढंच म्हणून त्या पुढच्या गोष्टीकडे वळल्या. ज्याला त्रास होतो त्याची झडप बदलायची, यात विचार करण्यासारखं फारसं नसतं, त्या सांगत होत्या. प्रश्न पडतो तो ज्याला काहीच होत नाही त्याच्याबाबतीत. अशा माणसाला चालत्या पट्ट्यावर चालवून पाहता येतं, पण ग्रंथपालांचा एक गुडघा जुन्या फ्रॅक्चरने आखडलेला होता. "तेव्हा आपण रक्ताला विचारू," त्या म्हणाल्या.

रक्त घेणाऱ्याने दंडाला पट्टा बांधला. "मूठ आवळा. आवळा अजून. हां, सोडा." नळीत काळसर लाल रक्त चढत गेलं. एवढंसं ते रक्त. बाहेर बायको बाकावर बसली होती. एरवी ती काहीतरी बोलली असती. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच का, असं काहीतरी. आज बोलली नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र म्हणाली, "मुलगी आपली एकच आहे."

"हो."

"ताईंनी ते पत्र काय फक्त तुमच्यासाठी लिहिलं होतं?"

ग्रंथपालांनी मान खाली घातली. हा प्रश्न तीन वर्षांत त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता. भित्र्या माणसाला फक्त स्वतःचंच मरण दिसतं, त्यांच्या मनात आलं. त्याच रात्री बायकोने मुलीला फोन लावला. आठवड्याभरात मुलीची तपासणी झाली. तिच्या पाकळ्या तीन होत्या. ते ऐकून बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

ग्रंथपालांच्या रक्ताचा निकाल आला तो असा: जो पदार्थ मोजला होता, तो त्यांच्या वयाला असावा त्याच्या चौपट होता.

ते वाचून, तयारी करून गेले होते. "हा आकडा वयाने वाढतो," त्यांनी डॉक्टरांना हळू आवाजात सांगितलं. "मूत्रपिंडं बिघडली तरी वाढतो, असंही वाचलं."

"बरोबर वाचलंत. तुमची मूत्रपिंडं ठीक आहेत, आणि वय धरूनच चौपट म्हणते आहे." डॉक्टर थोडं हसल्या. "काका, अरुंद दारातून रक्त ढकलताना हृदयाची भिंत ताणली जाते. जास्त ताणली गेली की ती हा पदार्थ रक्तात सोडते. ती तिची कुरकुर समजा. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. पण तुम्ही एक सांगताय आणि हृदय दुसरं."

"मला खरंच दम लागत नाही हो."

"मग मी वेगळं विचारते. तीन-चार वर्षांपूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय काय आहे?"

ग्रंथपालांनी बायकोकडे पाहिलं.

"सावकाश आठवा. एका आकड्यावर मी कोणाला ऑपरेशनला घेत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. तोवर धावपळ नको, वजन उचलू नका, आणि हा प्रश्न डोक्यात ठेवा."

परत येताना ती दोघं चढाच्या रस्त्याला लागली. घड्याळवाल्याच्या दुकानापाशी ग्रंथपाल नेहमीसारखे थांबले, हात मागे बांधले, मान वर केली. बायको दोन पावलं पुढे जाऊन वळली. त्यांच्याकडे बघता बघता तिचा चेहरा बदलला. ती मागे आली, त्यांच्या दोन्ही दंडांना धरून तिने त्यांना रस्त्याकडे तोंड करून उभं केलं.

"काय लिहिलंय तिथे?"

"कुठे?"

"पाटीवर. न बघता सांगा."

"अगं, काय हे भर रस्त्यात..."

"सांगा ना."

"घड्याळं... दुरुस्त..."

"ते मी न वाचताही सांगेन. पुढे काय? चांगल्या पाच ओळी आहेत."

ज्या माणसाला कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर डाग आहे हे सांगता यायचं, त्याला रोज संध्याकाळी वाचलेल्या पाटीतली दुसरी ओळ सांगता येईना. त्यांनी आठवून पाहिलं. शिंप्याची पाटी? मांजराची जाहिरात? मांजराचा रंगही आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की तिथे उभं राहिलं की बरं वाटतं. छातीतला भाता हळूहळू खाली बसतो. मग पुढे निघता येतं.

"मी वाचत नव्हतो," ते म्हणाले.

"किती दिवस चाललंय हे?"

"मला माहीत नाही. शपथ घेऊन सांगतो, मला माहीत नाही."

बायकोने त्यांचे दंड सोडले नाहीत. "आणि मी वेडी, थट्टा करत बसले," ती म्हणाली. येणारी-जाणारी माणसं या म्हातारा-म्हातारीकडे वळून बघत होती.

एकदा सुताचं टोक हाती लागलं की गुंता आपोआप उलगडत जातो. दुसऱ्या दिवशी वाचनालयात ग्रंथपाल आपल्या टेबलाशी बसून समोरच्या कपाटांकडे पाहत राहिले. दालनाला वर लोखंडी जिन्याची एक गॅलरी होती. पूर्वी तिथे कोश होते, इतिहास होता, चरित्रं होती. आता ती सगळी खाली, कमरेच्या उंचीवर, त्यांच्या टेबलाजवळ होती. वर उरली होती ती कोणी न मागणारी पुस्तकं. 'वाचकांची सोय' असं त्यांनी त्या बदलाला नाव दिलं होतं आणि चालक मंडळाने बैठकीत त्याबद्दल त्यांचं कौतुकही केलं होतं. स्तुतीने संकोचून तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

मदतनीस बाई पुस्तकं लावत होत्या. बारा-पंधरा वर्षं त्या इथे होत्या. ग्रंथपालांनी त्यांना जवळ बोलावलं. "बाई, वरून खाली आधी काय आलं?"

"कोश, सर. जड होते ना. मग इतिहास, मग मागच्या पावसाळ्यानंतर चरित्रं." बाई थोड्या अडखळल्या. "मला वाटलं, गुडघ्यामुळे. म्हणून कधी विचारलं नाही."

"मलाही तसंच वाटलं," ग्रंथपाल म्हणाले.

दुखणं कुठून कुठवर आलं ते समोर कपाटात क्रमाने मांडलेलं होतं. मांडलं त्यांनीच होतं, तरी आज पहिल्यांदा दिसत होतं. दम त्यांना लागत नव्हता हे खरंच होतं. दम लागेल असं एकेक काम त्यांनी आयुष्यातून काढून टाकलं होतं, इतकं हळूहळू आणि इतक्या सभ्यपणे, की काढणाऱ्यालाही पत्ता लागला नाही. सगळ्यांना फसवता आलं, स्वतःलाही. ते रक्त तेवढं फसलं नाही.

दुसऱ्या तपासणीत आकडा आधीपेक्षा थोडा वरच गेला. या वेळी डॉक्टरांनी विचारायच्या आधी ग्रंथपालच बोलू लागले. बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं, आजही जमत नव्हतं. पाट्यांचं सांगितलं, मध्येच गॅलरीचं, पुन्हा पाट्यांचं. बायकोने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाही केलं ऑपरेशन तर?" ग्रंथपालांनी शेवटी विचारलं.

"काही दिवस असेच जातील. मग पाटीसमोर थांबूनही भागणार नाही. आणि हृदय एकदा थकलं, की नवी झडप बसवूनही सगळं परत मिळेलच असं नाही. अजून ते थकलेलं नाही. थकायच्या आधी ते सांगतंय."

"आणि केलं तर?"

"धोका आहे. मी नाही म्हणणार नाही. छाती उघडायची की मांडीतल्या रक्तवाहिनीतून जायचं, ते आणखी तपासण्या करून ठरवू. पण मला विचाराल तर, करा."

"मला भीती वाटते," ते म्हणाले. बायकोसमोरही हे वाक्य ते कधी बोलले नव्हते.

"वाटणारच. तुमच्या ताईंना वाटली होती का?"

"ते... मी तिला विचारलंच नाही."

"मग विचारा की. माझ्या हाताखालून शेकडो रुग्ण गेले असतील, पण ऑपरेशनच्या टेबलावर मी कधी झोपले नाही. त्या झोपल्या आहेत."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहत बसली. "तारीख द्या," ग्रंथपाल म्हणाले.

त्या रविवारी नकाशांचं पुस्तक उघडलं. पत्राची घडी तीन वर्षांत चपटी होऊन पानाला चिकटल्यासारखी झाली होती. ग्रंथपाल कागद घेऊन बसले. पहिल्या मसुद्यात त्यांनी दीड पान क्षमा मागितली. दुसऱ्यात झडपेची रचना समजावली. तिसऱ्याची सुरुवात हवापाण्याने झाली.

बायकोने चहा ठेवता ठेवता पाहिलं. "हा ग्रंथ छापून कधी निघणार?"

"जमत नाहीये गं."

"त्यांनी काय विचारलं होतं?"

"काय निघालं ते लिही, असं."

"मग तेवढंच लिहा ना. ताई तुमची परीक्षा थोडीच घेताहेत!"

दिवे लागायच्या आत पत्र झालं.

"ताई, दाखवून आलो. तुझ्यासारखंच निघालं, पाकळ्या दोन. तीन वर्षं गेलो नाही कारण भीती वाटत होती, आणि गेलो नाही म्हणून लिहिलं नाही. दम लागत नाही असं मी समजत होतो. रक्ताने वेगळं सांगितलं आणि तेच खरं होतं. मुलीची तपासणी केली, तिच्या तीन आहेत. ती तुझ्या पत्रामुळे झाली, पण उशिरा, आणि तो उशीर माझा. माझी झडप पुढच्या महिन्यात बदलणार आहेत. गुंगी देतात तेव्हा शेवटचं काय दिसतं, आणि जाग येते तेव्हा आधी काय कळतं, ते मला लिही. पाळी तुझी. — मुक्या"

टपालपेटी चढाच्या वरच्या टोकाला होती. "द्या, मी टाकून येते," बायको म्हणाली.

"नको. मीच टाकतो. तू बरोबर ये."

दोघं हळूहळू निघाली. शिंप्याचं दुकान गेलं. घड्याळवाल्याच्या दुकानापाशी ग्रंथपाल थांबले, पण पाटीकडे पाठ करून. रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असे, एक हात बायकोच्या खांद्यावर ठेवून ते नुसते उभे राहिले.

घड्याळवाल्याने डोळ्याला लावलेलं भिंग खाली केलं आणि दारातून डोकं बाहेर काढलं. "काय आजोबा, आज पाटी नाही वाचायची?"

ग्रंथपालांनी मान हलवली. बोलायला त्यांना जरा वेळ लागला.

"दम लागलाय," ते म्हणाले. "जरा थांबतो."

घड्याळवाला आत गेला आणि आपलं स्टूल घेऊन आला. फूटपाथ उतरता होता, म्हणून एका पायाखाली त्याने पुठ्ठा घातला. ग्रंथपाल बसले. छातीतला भाता वरखाली होताना त्यांनी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. बायको पिशवी हातात धरून शेजारी उभी होती. थोड्या वेळाने ते उठले, स्टूल स्वतः आत नेऊन द्यायला निघाले, मग आठवण होऊन घड्याळवाल्याला म्हणाले, "तुम्हीच न्या. मला उचलायला मनाई आहे."

टपालपेटीपाशी त्यांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला. पाकीट फटीत सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं. बायकोने घाई केली नाही. मग त्यांनी बोटं सोडली, आणि पत्र आत तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवला.